परीक्षणावरील भरवसा आणि कायद्याची जबाबदारी
(व्हीपीएन सेवेची निवड करणाऱ्या कुटुंबांसमोर केलेले भाषण)



आज मी जो विषय आपणांसमोर मांडणार आहे, तो ऐकून वडीलधाऱ्यांना वाटेल की हा तर मुलांचा विषय, यात आमचे काय काम? परंतु घरातील इंटरनेटची जोडणी कोणाच्या नावावर आहे, हे आपण एकदा पाहावे. बहुतेक घरांत ती वडिलांच्या किंवा आईच्या नावावर असते. त्या जोडणीवरून जे काही घडेल त्याची विचारणा प्रथम त्याच नावाला होणार आहे. म्हणून हा विषय जितका मुलांचा, तितकाच आपलाही आहे.

व्हीपीएन म्हणजे काय, ते आधी साध्या शब्दांत सांगतो. आपल्या मोबाईलपासून व्हीपीएन कंपनीच्या संगणकापर्यंत जाणारा सर्व मजकूर कुलूपबंद करून पाठविण्याची ही व्यवस्था होय. एरव्ही आपण कोणत्या संकेतस्थळावर जातो, हे इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीला दिसते. व्हीपीएन लावल्यावर ते तिला दिसत नाही; परंतु व्हीपीएन कंपनीला दिसू शकते. म्हणजे पाहणारा नाहीसा झाला असे नव्हे, तर पाहणारा बदलला. पूर्वी ज्याच्यावर विश्वास ठेवीत होतो त्याच्याऐवजी आता दुसऱ्यावर ठेवावयाचा, एवढाच याचा अर्थ. हा दुसरा कोण, तो कोठे राहतो आणि कोणत्या देशाच्या कायद्याने बांधला आहे, हे आपणांस ठाऊक नसते. ते सांगतो परीक्षण लिहिणारा. म्हणून परीक्षणाची किंमत काय, हा प्रश्न उभा राहतो.

माझ्या भाच्याची हकीकत सांगतो. तो स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी शहरात खोली घेऊन राहत होता. खोलीतील वाय-फाय दहा जणांत सामाईक. आपली माहिती सुरक्षित राहावी म्हणून त्याने एक परीक्षण वाचले. कंपनीला पाच तारे दिलेले होते आणि ‘हिचे सर्व्हर भारतातही आहेत’ असे स्पष्ट लिहिले होते. त्याने दोन वर्षांचे शुल्क एकदम भरले. पुढे अर्ज भरण्याच्या शेवटच्या रात्री सरकारी संकेतस्थळ उघडेना. पुष्कळ वेळाने उलगडा झाला की कंपनीने भारतातील सर्व्हर केव्हाच काढून घेतले होते. त्यामुळे संकेतस्थळाला वाटत होते की अर्जदार परदेशातून आला आहे. व्हीपीएन बंद केल्यावर अर्ज भरला गेला, हे नशीब. पैसे परत मागितले, तर मुदत उलटून गेल्याचे उत्तर आले. परीक्षण लिहिणाऱ्याला विचारले, तर त्याने पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत आधीच लिहून ठेवले होते की या माहितीच्या अचूकतेची हमी आम्ही देत नाही.

येथे प्रश्न असा की, दोष कोणाचा? माझ्या मते तो तिघांत वाटला जातो : विकणाऱ्याचा, शिफारस करणाऱ्याचा आणि न तपासता भरवसा ठेवणाऱ्याचा. तिघांच्या जबाबदाऱ्या मात्र सारख्या नाहीत.

प्रथम शिफारस करणाऱ्याकडे पाहू. व्हीपीएनची परीक्षणे लिहिणारे पुष्कळजण दलालीवर चालतात. त्यांच्या पानावरील दुव्यावरून आपण सेवा विकत घेतली की कंपनी त्यांना वाटा देते. दलाली घेणे हा गुन्हा नव्हे. ती लपविणे हे अयोग्य होय. काही ठिकाणी तर गोष्ट याहूनही पुढे गेली आहे. ‘केप टेक्नॉलॉजीज’ या कंपनीकडे ‘सायबरघोस्ट’ आणि ‘प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस’ या व्हीपीएन सेवा होत्या. २०२१ साली तिने ‘व्हीपीएनमेंटर’ आणि ‘विझकेस’ ही परीक्षणाची संकेतस्थळे चालविणारी कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी सुमारे ९३.६ कोटी डॉलर्सना ‘एक्सप्रेसव्हीपीएन’ घेण्याचा व्यवहारही केला. म्हणजे परीक्षा देणारा आणि गुण देणारा एकाच घरचे झाले! त्यांचा प्रत्येक शब्द खोटा असतो असे माझे म्हणणे नाही. परंतु गुणपत्रिका हाती घेताना ती कोणी भरली, हे आपण पाहू नये काय?

आता विकणाऱ्याकडे वळू. ‘आम्ही कोणत्याही नोंदी ठेवत नाही’ हे या धंद्याचे आवडते वचन आहे आणि परीक्षणांत ते जसेच्या तसे उतरविले जाते. प्रत्यक्षात काय घडले? २०१७ साली अमेरिकेत सायबर-छळाच्या एका प्रकरणात ‘प्युअरव्हीपीएन’ या कंपनीकडील नोंदींचा तपास यंत्रणेला उपयोग झाला. छळ करणारा सापडला हे योग्यच झाले. परंतु ‘नोंदी नाहीत’ या वचनाचा अर्थ किती आकुंचित असतो, हेही त्यावरून दिसले. २०२० साली ‘यूएफओ व्हीपीएन’ या हाँगकाँगच्या सेवेच्या वापरकर्त्यांच्या नोंदी इंटरनेटवर उघड्या पडलेल्या आढळल्या आणि तीही नोंदी न ठेवण्याचा दावा करीत होती. २०१५ साली ‘होला’ या फुकट सेवेविषयी उघड झाले की ती आपल्या वापरकर्त्यांचीच जोडणी इतरांना वापरावयास देत होती आणि तिच्या भगिनी कंपनीमार्फत ती विकलीही जात होती. या शेवटच्या गोष्टीचा कायदेशीर अर्थ नीट ध्यानी घ्या. परक्या माणसाने केलेले कृत्य तुमच्या घरच्या पत्त्यावरून झाले असे दिसेल आणि चौकशी तुमच्या दाराशी येईल.

अशा कंपन्यांना जाब विचारता येत नाही, असे मात्र नाही. फेसबुकच्या मालकीचे ‘ओनावो प्रोटेक्ट’ नावाचे व्हीपीएन ॲप लोकांची माहिती सुरक्षित ठेवील अशी जाहिरात केली जात होती. प्रत्यक्षात ती माहिती मालक कंपनीच्या व्यापारी उपयोगासाठी वापरली जात होती. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने हे प्रकरण न्यायालयात नेले आणि जुलै २०२३ मध्ये तेथील संघीय न्यायालयाने दोन उपकंपन्यांना मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर्सचा दंड केला. जाहिरातीतील वचन हे कायद्यापुढे वाऱ्यावरचे बोलणे नसते, हा त्या निकालाचा धडा आहे.

आपल्या देशात काय आहे? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून अंमलात आला. त्याच्या कलम २१ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उत्पादकाला आणि शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. शिफारस करणाऱ्यास एक वर्षापर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास तीन वर्षांपर्यंत शिफारशीची बंदी घालता येते. मात्र दाव्याची खरीखोटी तपासण्याची योग्य काळजी त्याने घेतली असेल, तर तो या दंडातून सुटतो. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शिफारस करणाऱ्याचा कंपनीशी आर्थिक हितसंबंध असेल तर तो उघड करणे त्याचे कर्तव्य आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने इंटरनेटवरील ग्राहक परीक्षणांसाठी आयएस १९००० : २०२२ हे मानकही काढले, परंतु ते पाळणे ऐच्छिक ठेवण्यात आले.

या तरतुदींच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पहिली मर्यादा फुकटेपणाची. कायद्यातील ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येत विनामूल्य सेवा येत नाही. म्हणून जो फुकट व्हीपीएन वापरतो, त्याला ग्राहक म्हणून आयोगापुढे उभे राहणे अवघड होते. दुसरी मर्यादा अंतराची. कंपनी परदेशी, तिचे येथे कार्यालय नाही, मालमत्ता नाही. अशा वेळी निकाल हाती आला तरी वसुली कशावर करावयाची? तिसरी मर्यादा काळाची. परीक्षण लिहिले तेव्हा खरे असलेले विधान कायदा बदलताच खोटे होते. माझ्या भाच्याचे नेमके हेच झाले.

तो बदल असा. २८ एप्रिल २०२२ रोजी केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०-ब खाली निर्देश काढले. व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, सेवा घेण्याचा हेतू, त्याला दिलेले आयपी पत्ते इत्यादी माहिती निदान पाच वर्षे जपून ठेवावी, असे त्यांत सांगितले. कंपन्यांच्या अंतर्गत कामाचे व्हीपीएन यातून वगळण्यात आले. हे निर्देश मान्य नसल्याने ‘एक्सप्रेसव्हीपीएन’, ‘सर्फशार्क’, ‘नॉर्डव्हीपीएन’ इत्यादींनी भारतातील आपले सर्व्हर काढून घेतले. त्यापूर्वी लिहिलेली आणि पुढे न सुधारलेली परीक्षणे एका दिवसात शिळी झाली.

आता शेवटची जबाबदारी, आपली स्वतःची. व्हीपीएन वापरणे हा आपल्या देशात सर्वसाधारणपणे गुन्हा नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे एकमताने सांगितले. परंतु जे कृत्य व्हीपीएनविना गुन्हा आहे, ते व्हीपीएन लावल्याने निर्दोष होत नाही. फसवणूक, धमकी, स्त्रीचे छायाचित्र तिच्या संमतीविना पसरविणे, हे सर्व गुन्हे गुन्हेच राहतात. शिवाय काही ठिकाणी काही काळापुरती बंदी येते. जुलै २०२३ मध्ये मणिपूरमध्ये इंटरनेट अंशतः सुरू करताना व्हीपीएन न वापरण्याची अट घातली गेली. जम्मू-काश्मीरमधील काही जिल्ह्यांतही असे मनाई हुकूम निघाले आहेत. अशा ठिकाणी ‘परीक्षणात कायदेशीर म्हटले होते’ हा बचाव होऊ शकत नाही. कायदा ठाऊक नव्हता ही सबब न्यायालय ऐकत नाही; मग परीक्षणकाराला तो ठाऊक नव्हता ही सबब ते कशी ऐकेल?

तर मग करावे काय? परीक्षण वाचूच नये, असे मी म्हणत नाही. वाचावे, परंतु साक्षीदाराचा जबाब वाचावा तसे वाचावे. लिहिणारा कोण, त्याला दलाली मिळते काय, पान केव्हा लिहिले, त्याने सेवा स्वतः चालवून पाहिली की कंपनीचेच शब्द उतरविले, हे चार प्रश्न विचारावे. नंतर कंपनीचे मूळ गोपनीयता-धोरण आणि पैसे परत करण्याच्या अटी स्वतः वाचाव्या. इंग्रजी अवघड वाटल्यास घरातील शिकलेल्या मुलीला मोठ्याने वाचून अर्थ सांगावयास लावावे. दोन-तीन वर्षांचे शुल्क एकदम न भरता प्रथम एक महिन्याचे भरावे. ज्या दाव्यावर विसंबून पैसे दिले, ते पान, त्यावरील तारीख आणि पैसे भरल्याची पावती जपून ठेवावी. कारण संकेतस्थळावरील मजकूर उद्या पुसला जाऊ शकतो, आणि पुरावा नसेल तर सत्यही मुके होते.

आणि फसवणूक झालीच, तर गप्प बसू नये. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी आहे. जिल्हा ग्राहक आयोगापुढे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते; परदेशी कंपनी आहे म्हणून दूर जावे लागत नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे अशी सक्तीही नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल झाली पाहिजे. रक्कम लहान आहे म्हणून सोडून देणारे शेकडो असतात आणि त्या शेकडोंच्या मौनावरच असा धंदा चालतो.

भगिनींनो आणि बंधूंनो, माझा भाचा त्या रात्रीनंतर मला म्हणाला, “मामा, पाच तारे पाहिले, पण तारीख नाही पाहिली.” त्याने दोन वर्षांचे शुल्क देऊन हे वाक्य विकत घेतले. ते मी आज आपणांस विनामूल्य देत आहे. घरी गेल्यावर मुलांच्या शेजारी बसा, त्यांच्या मोबाईलवर कोणते व्हीपीएन आहे ते विचारा आणि ते का निवडले, हेही विचारा. जे कारण त्यांना स्वतःच्या शब्दांत सांगता येणार नाही, त्यावर आपल्या घराचे नाव गहाण ठेवू नका. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.