कारखान्याचे गावाला देणे



या व्यासपीठावर आपण कामगार चळवळीतल्या माणसाला बोलावले, हा आम्ही आमच्या सोबत्यांचा मान समजतो. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर झाले. म्हणून आम्ही हिशेबाच्याच भाषेत बोलणार आहोत.

मराठीत ‘देणे’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक दान आणि दुसरा कर्ज. कारखानदार गावासाठी काही करतो, तेव्हा तो कोणते देणे देतो? आमच्या मते दुसरे.

किर्लोस्करवाडीचेच पाहा. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर कारखाना काढला. जमीन औंधच्या राजेसाहेबांनी दिली. ओसाड माळावर कारखान्याबरोबर वसाहत उभी राहिली, ही लक्ष्मणरावांची कर्तबगारी खरीच. पण आधी कोणी दिले? जमीन संस्थानाने, आणि लोखंडी नांगराला पैसा शेतकऱ्याने. आजचा कारखानाही गावचे पाणी, रस्ता, हवा आणि तरुण पोरे घेऊनच चालतो.

आता जमशेदपूर. तेथील पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस 1912 साली आला. भविष्य निर्वाह निधी 1920 साली आला. त्याचा देशव्यापी कायदा व्हायला 1952 साल उजाडले. मालक दूरदृष्टीचा होता, हे कबूल. तरीही त्याच गावात 1920 आणि 1928 साली मोठे संप झाले. बाग आणि दवाखाना मिळाला, म्हणून वेतनाचा प्रश्न मिटत नाही. ज्याला द्यायचे त्याला विचारावे लागते.

आज देण्याला कायद्याचाही आधार आहे. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे मोठ्या कंपन्यांनी मागील 3 वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चावी लागते. सरासरी नफा 10 कोटी असेल, तर 20 लाख. कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे, असेही कायदा म्हणतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: दुसऱ्या कायद्याने जे बंधनकारकच आहे, ते या खर्चात धरता येत नाही. ओढ्यात सोडायचे सांडपाणी शुद्ध करणे हे उपकार नव्हेत. कंत्राटी कामगाराची पुरी मजुरी हेही उपकार नव्हेत. ते आधी, शाळेला रंग त्यानंतर.

एका गावी कारखान्याने शाळेला स्वच्छतागृह बांधून दिले. फलक लागला, फोटो निघाले. पाण्याची जोडणी मात्र कोणीच केली नव्हती. मुली पूर्वीप्रमाणेच मधल्या सुट्टीत घरी पळत. बांधण्यापूर्वी कोणी एका शिक्षिकेला विचारले असते, तरी पैसा सत्कारणी लागला असता.

म्हणून नागरिकांना आमची विनंती आहे. कंपनीचा हा खर्च तिच्या वार्षिक अहवालात छापावा लागतो, तो वाचा. आपल्या गावची गरज आपण ठरवा, त्यात कामगारांच्या वस्तीतल्या बायकांनाही बसवा. आपल्या पोरांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्या आणि काम शिकल्यावर कामावर ठेवा, असे ठासून सांगा. एका पोराची कायम नोकरी एका घराची चूल वर्षानुवर्षे पेटती ठेवते.

हात पसरून मागू नका. हिशेबाची वही उघडून मागा. कारखाना वाढावा असे आम्हालाही वाटते. आमची भाकरी तेथेच आहे. पण ज्या गावाने त्याला वाढवले, ते गावही त्याच्याबरोबर वाढले पाहिजे.