पाठीचा कणा आणि त्याचे बंध

(माढा येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



कुर्डुवाडीस छोट्या रुळांची बार्शीची गाडी १८९७ साली सुरू झाली. तिच्यातील माल मोठ्या रुळांच्या गाडीत चढविण्याचे काम पुढे अनेक वर्षे हमालांच्या पाठीनेच केले. ते दृश्य आम्ही बालपणी पाहिले आहे. एवढा भार सोसणारी पाठ एखादे दिवशी अवचित दगा का देते, हे सांगण्याचा आज आमचा मानस आहे.

कण्यात मुळात ३३ मणके असतात. मानेत ७, छातीमागे १२ आणि कमरेत ५. त्याखालचे ५ एकजीव होऊन त्रिकास्थी बनते, उरलेल्यांचे माकडहाड. सुट्या मणक्यांमध्ये कूर्चेच्या गाद्या असतात. परंतु मणके नुसते रचून ठेवले असते, तर उतरंडीप्रमाणे कोसळले असते. त्यांना धरून ठेवतात ते अस्थिबंध. मणक्यांच्या पुढून एक रुंद, बळकट पट्टा जातो. तो कण्यास फार मागे झुकू देत नाही. दुसरा मणक्यांच्या मागून, मज्जारज्जूच्या नळीतून उतरतो. मागील कमानींना जोडणारे पिवळे बंध लवचीक असून वाकलेली पाठ सरळ होण्यास साह्य करतात.

मर्म आहे ते दुसऱ्या पट्ट्यात. तो कमरेपाशी अरुंद होतो, आणि भार तर तेथेच सर्वांत अधिक! गुडघे ताठ ठेवून, कमरेत वाकून ओझे उचलले, की गादी मागे रेटली जाते व पट्ट्याच्या कडेने बाहेर येऊन मज्जातंतूस दाबते.

वर्गात मुलांना ‘ताठ बसा’ म्हणून सांगणारे आम्ही, चाळिशीत ज्वारीचे पोते असेच उचलते झालो. कळ पोटरीपर्यंत गेली. तीन आठवडे अंथरूण सुटले नाही. तेव्हा धडा शिकलो. बंधांना रक्त कमी मिळते, म्हणून ते सावकाश भरून येतात.

म्हणून पोते असो वा पाण्याची घागर, गुडघ्यांत वाकावे, ओझे अंगाशी धरावे, उचलताना कंबर पिळू नये. पाय बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर चोळण्यात वेळ न दवडता तत्काळ डॉक्टर गाठावा.

घरातील कर्त्या माणसाची पाठ मोडली, की सारे घरच वाकते. ती जपावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.