गलबत सांधणाऱ्याचा मान

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त, श्रमिक संत योसेफ यांच्या सणाच्या सायंकाळीं दिलेलें व्याख्यान)



आपल्या देवळाचा इतिहास या महोत्सवाच्या पुस्तिकेंत अन्यत्र विस्तारानें येत आहे. पायाचा दगड कोणाच्या हस्तें बसला, घंटा कोणीं अर्पण केली, वेदीचा खर्च कोणत्या घराण्यानें सोसला, हें सर्व तेथें नांवनिशीवार वाचावयास मिळेल. आणि तें तसेंच असावयास हवें. मला आज ज्यांच्याविषयीं बोलावयाचें आहे, त्यांचीं नांवें अशा याद्यांत सहसा येत नाहींत. ज्यांनीं शिडाचीं जुनीं गलबतें, मचवे आणि होड्या दुरुस्त करण्यांत आयुष्य वेंचलें, कुजलेली फळी काढून नवी बसविली, गळका सांधा बुजविला, ते हे आपल्या किनाऱ्यावरील मिस्त्री होत.

येथें बसलेल्यांपैकीं पुष्कळजण केळीच्या व भाजीच्या वाड्या कसणारे आहेत. 'फादरांनीं आज दर्यावर्द्यांचीच बाजू घेतली' असें त्यांना वाटण्याचा संभव आहे. त्यांनीं थोडा धीर धरावा. त्यांचीही पाळी येईल.

निर्गमाच्या पुस्तकांत, एकतिसाव्या अध्यायांत, एक प्रसंग आहे. परमेश्वर मोशेला निवासमंडपाविषयीं सविस्तर आज्ञा देतो आणि त्या संपत आल्या असतां एका कारागिराचें नांव सांगतो : बसालेल, ऊरीचा पुत्र, हूरचा नातू, यहूदाच्या वंशांतला. त्याचा बाप, आजा आणि कुळ यांसह देवानें त्याला नांवानें निवडलें. शिवाय त्याचा सोबती अहलियाब याचेंही नांव सांगितलें. सोनें, रुपें, दगड व लांकूड यांवर काम करण्याचें जें कसब बसालेलाच्या बोटांत होतें, त्यास तेथें देवाच्या आत्म्याचें दान म्हटलें आहे. आपण आत्म्याचीं दानें म्हटलीं कीं प्रवचन आणि प्रार्थना यांचाच विचार करतों. किंकरा आणि वांकस हीं हत्यारें सहसा आपल्या मनांत येत नाहींत.

सिराखपुत्राच्या ग्रंथांतील अडतिसावा अध्याय मात्र जगाची रीत जशी आहे तशी सांगतो. कारागिरांना सभेंत कोणी सल्ला विचारीत नाहीं, न्यायासनावर कोणी बसवीत नाहीं; तथापि त्यांच्यावांचून नगर वसत नाहीं, आणि या जगाची वीण त्यांच्याच हातांनीं टिकून राहते, असा त्या वचनांचा भावार्थ आहे. त्या यादींत शिक्के कोरणारा आहे, लोहार आहे, कुंभार आहे. परंतु सर्वांच्या आधीं नांगर धरणारा आहे, हें वाडीवाल्यांनीं ध्यानीं घ्यावें.

सेमिनरींत ग्रीक शिकतांना एक गोष्ट ध्यानांत आली होती, ती येथें सांगण्याजोगी आहे. प्रभु येशूनें याकोब व योहान यांना बोलाविलें, तेव्हां ते मासे धरीत नव्हते; तारवांत बसून जाळीं नीट करीत होते. मार्कानें त्या नीट करण्यासाठीं जें क्रियापद योजलें आहे, तेंच क्रियापद संत पौलानें गलतीकरांस लिहितांना, घसरलेल्या बंधूला सौम्यतेनें पूर्वस्थितीवर आणण्याविषयीं योजलें आहे. जाळें सांधणें आणि माणूस सांधणें यांस एकच शब्द! पापनिवेदन ऐकावयास बसणाऱ्या धर्मगुरूनें आपणांस होडीच्या मिस्त्रीहून थोर समजण्याचें कारण नाहीं.

आतां या कामाचें स्वरूप पाहूं. नवें गलबत बांधणाऱ्यास निदान एक दिवस मानाचा मिळतो. गलबत पाण्यांत लोटलें जातें, धर्मगुरु पवित्र पाणी शिंपडतो, नारळ फुटतो, गोड वांटतात. दुरुस्ती करणाऱ्याचें तसें नाहीं. त्याचें काम जितकें उत्तम, तितकें तें दिसेनासें होतें. बदललेली फळी कोणती हें ओळखूं येऊं लागलें, तर काम हलकें झालें असें समजावें. त्याच्या कौशल्यामुळेंच त्याचें नांव पुसलें जातें, अशी ही विलक्षण विद्या आहे.

जूनच्या आरंभीं होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते, परंतु हा कायदा नसतांनाही पावसाळ्यांत दर्या कोळ्याला घरीं बसवीतच असे. तेवढेच दिवस मिस्त्रीच्या हातीं. प्रथम तळाचे शिंपले व शेवाळ खरवडून काढावयाचें. मग हातोडीनें फळी न् फळी ठोकून पाहावयाची. निरोगी लांकूड एक नाद देतें, आंतून किडलेलें दुसरा. समुद्रांत लांकूड पोखरणारा एक किडा असतो. बाहेरून टांचणीच्या अग्राएवढें छिद्र आणि आंत बोटाएवढीं बिळें. डोळ्यांना जें दिसत नाहीं तें मिस्त्रीच्या कानाला ऐकूं येतें. लोखंडी खिळा गंजला कीं भोंवतालचें लांकूडही खातो, म्हणून एकेक खिळा तपासावा लागतो. आंतल्या आधाराचें वांकडें लांकूड फुटलें असेल तर सरळ लांकूड वांकवून चालत नाहीं. बाभळीचें खोड जन्मतःच त्या वळणाचें शोधावें लागतें. शेवटीं फटींत कापूस ठासून त्यावर राळ आणि तेल. पूर्वीं माशाचें तेल वापरीत, आणि त्याचा वास सबंध कोळीवाड्यांत भरून राही. हें ज्ञान कोणत्याही शाळेंत लिहून ठेवलेलें नाहीं. मिस्त्री गेला कीं त्याच्याबरोबर तें मातींत जातें.

याच किनाऱ्यावरील कारागिरांनीं जगाला काय दिलें आहे, तें पाहण्यासाठीं मुंबईच्या गोदीकडे वळूं. १७३६ सालीं सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया हा पारशी सुतार मुंबईस आला आणि त्याच्या घराण्यानें पुढें दीडशें वर्षें तेथें जहाजें बांधिलीं. त्या घराण्यांतील जमशेटजी बमनजी यानें मलबारी सागाची 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका बांधून १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं पाण्यांत सोडली. ती अद्यापि इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे. जमशेटजीच्या चित्रांत त्याच्या कमरेला ईस्ट इंडिया कंपनीनें दिलेली चांदीची मोजपट्टी खोंवलेली दिसते. साहेबानेंसुद्धां सुताराला सुताराच्याच हत्याराच्या रूपानें मान दिला, ही गोष्ट मला फार आवडते. शालीपेक्षां ती शतपट बोलकी आहे.

परंतु तेवढ्यावर ती नौका दोनशें वर्षें टिकलेली नाहीं. १८९७ सालीं ती मोडीत निघाली होती. एका सद्गृहस्थानें ती विकत घेऊन वांचविली. पुढें १९९० ते २००१ पर्यंत हार्टलपूलच्या कारागिरांनीं तिचा जीर्णोद्धार केला. मुंबईच्या सुतारांनीं कोणता सांधा कसा घातला होता, हें त्यांना प्रथम समजून घ्यावें लागलें असेल. वाचल्यावांचून पुन्हां लिहितां येत नाहीं. दोन शतकांच्या आणि दोन समुद्रांच्या अंतरावरून एका सुतारानें दुसऱ्याच्या हाताला हात लावावा, असा हा प्रकार झाला.

दुसरें उदाहरण अधिक जवळचें आहे. मुंबईंतच सागवानाची 'सुहैली' नांवाची बत्तीस फुटी शिडाची होडी बांधली गेली. येथल्या सुतारांनीं ती वांकस आणि दोरीनें फिरणारा सामता अशा साध्या हत्यारांनीं घडविली. तिच्यांतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यानें १४ जून १९६८ रोजीं फाल्मथ सोडलें आणि एकट्यानें, कोठेंही न थांबतां पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजीं तो तेथेंच परत आला. असा प्रवास त्यापूर्वीं कोणींही केला नव्हता. खलाशाला सरदारकी मिळाली, आणि ती योग्यच होती. मात्र त्या सुतारांचीं नांवें आपल्यापैकीं कोणाच्या तोंडीं आहेत काय? पुढें ती होडी लंडनांतील ग्रीनिच येथील सागरी संग्रहालयांत ठेवली गेली. तेथील कोरड्या हवेनें तिच्या फळ्या आकसूं लागल्या, तेव्हां तिच्या मालकानें ती बाहेर काढून स्वतःच्या हातांनीं दुरुस्तीस घेतली. जुन्या होड्यांवर प्रेम करणाऱ्यांनीं हें लक्षांत ठेवावें : कांचेच्या मागें ठेवलेली होडी मरते. तिला पाणी लागतें, आणि पाण्याबरोबर मिस्त्री लागतो.

अलीकडची गोष्ट गोमंतकांतली आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत पांचव्या शतकांतील जहाजाचें एक चित्र आहे. त्या चित्रावरून तसेंच जहाज बांधण्याचें भारत सरकारनें २०२३ सालीं ठरविलें. नकाशा नाहीं, मापें नाहींत, केवळ भिंतीवरचें चित्र! दिवाडी बेटावर कारखाना असलेल्या रत्नाकर दांडेकर यांच्याकडे हें काम आलें. याच दांडेकरांनीं 'म्हादेई' ही नौका बांधली होती, आणि तिच्यांतून दिलीप दोंदे यांनीं २००९-१० मध्यें एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. अजिंठ्याच्या जहाजाच्या फळ्या मात्र एकही खिळा न मारतां काथ्याच्या दोरीनें शिवावयाच्या होत्या. ती विद्या केरळांतील बाबू शंकरन् आणि त्यांचे सोबती यांच्या हातीं होती. जहाज २१ मे २०२५ रोजीं कारवार येथें नौदलांत दाखल झालें, त्याचें नांव 'कौंडिण्य' ठेवलें गेलें, आणि त्या वर्षाअखेर पोरबंदरहून निघून तें मस्कतला पोंचलें.

या प्रसंगांत मला सर्वांत समाधान वाटलें तें हें, कीं नौदलाच्या अधिकाऱ्यांबरोबर आणि विद्वानांबरोबर मुख्य मिस्त्रीचें नांवही छापून आलें. बसालेलाला जो मान मिळाला, तो पुष्कळ शतकांनीं एका केरळी सुताराला मिळाला. आणि तो त्याला वेळेवर, तो हयात असतांना मिळाला.

मग वसईचें काय? आपल्या भूमीचा संत गोन्सालो गार्सिया येथल्याच किनाऱ्यावरून जहाजांत बसून पूर्वेकडे गेला आणि १५९७ सालीं नागासाकी येथें क्रुसावर हुतात्मा झाला. पाचूबंदर, नायगांव, अर्नाळा, उत्तन येथें पिढ्यान् पिढ्या होड्यांवर संतांचीं नांवें रंगविलीं गेलीं. स्वातंत्र्योत्तर कांहीं दशकांत शिडें जाऊन यंत्रें आलीं, आतां लांकडाच्या जागीं फायबर येत आहे, आणि मिस्त्रीचा मुलगा सकाळच्या लोकलनें मुंबईस कचेरींत जातो. त्याला मी दोष देत नाहीं. चार महिने काम आणि आठ महिने उधारी, असा धंदा मुलानें कां पत्करावा? शिडें परत आणा असेंही मी म्हणत नाहीं. ज्याला वादळांत घरीं परतावयाचें आहे त्यानें यंत्र ठेवावें. परंतु ज्या हातांनीं आपल्या बापजाद्यांना बुडूं दिलें नाहीं, त्या हातांचा हिशेब देवळाच्या दप्तरांत नसावा, हें मला योग्य वाटत नाहीं. आपण बाप्तिस्मा लिहितों, लग्न लिहितों, मृत्यु लिहितों. ज्याच्या कामामुळें कित्येक मृत्यु लिहावे लागले नाहींत, त्याचा उल्लेख कोठेंच नाहीं.

समितीपुढें मीं दोन गोष्टी ठेविल्या आहेत, आणि समितीनें त्या मान्य केल्या आहेत. पहिली : सक्रिस्तींत एक कोरी वही ठेवली आहे. ज्यांच्या घरीं होडी होती किंवा आहे, त्यांनीं ती कोणीं बांधली, कोणकोणत्या सालीं कोणत्या मिस्त्रीनें दुरुस्त केली, त्याचें गांव कोणतें, हें आठवेल तसें लिहावें. मिस्त्री हिंदु असो, मुसलमान असो, ख्रिस्ती असो, भेद करूं नये. दर्या करीत नाहीं. होडीचें नांव अवश्य लिहावें, कारण वृद्ध माणसें साल विसरतात पण होडीचें नांव विसरत नाहींत.

दुसरी गोष्ट पैशाची आहे, म्हणून ती थोडक्यांत सांगतों. महोत्सवाच्या शिल्लक निधींतून दोन तरुणांना पावसाळ्याचे दोन महिने मिस्त्रीच्या हाताखालीं बसण्यासाठीं रोजंदारी द्यावयाची, आणि शिकविणाऱ्या मिस्त्रीला त्याची वेगळी मजुरी द्यावयाची. शाल व श्रीफळ यांवर खर्च करूं नये अशी माझी विनंती होती. तीही मान्य झाली आहे. शिकावयास तयार असतील त्यांनीं पुढील रविवारीं मिस्सानंतर मला भेटावें. जूनमध्यें होड्या वर येतील, त्यापूर्वीं हत्यारें घ्यावयाचीं आहेत.