चार दिवस राहायला जा



मला विषय दिला आहे 'उतारवयातले साधे आनंद'. विषय मोठा ऐसपैस आहे. सकाळचं फिरणं, कुंडीतली झाडं, भजनी मंडळ, हास्यक्लब, नातवंडांचा अभ्यास, यांवर तुम्ही पुष्कळ ऐकलं असेल आणि त्यातलं बहुतेक खरंच आहे. मला रेडिओवर दहा मिनिटं मिळालीत. ती सगळीच्या सगळी मी एका गोष्टीवर घालवणार आहे. तुमचा भाऊ, तुमची बहीण हयात असेल, तर त्यांच्याकडे चार दिवस राहायला जा. भेटायला नाही म्हणत मी. राहायला.

पासष्टी उलटलेली भावंडं एकमेकांना भेटतात कुठे, आठवून बघा. एक तर लग्नाच्या कार्यालयात, नाहीतर दहाव्याला घाटावर. कार्यालयात वाजंत्री चालू, पंगत उठायला आलेली, आणि आपण एकमेकांच्या कानात ओरडतोय, "शुगर किती आली?" फोटो होतो, ओटी भरली जाते, तेवढ्यात मुलगा किल्ली फिरवत येतो, "आई, चल, घाटात ट्रॅफिक लागेल." झाली भेट. पुढची भेट कुठल्या कार्यात होईल ते देवाला माहीत, आणि त्या कार्यात आपण दोघंही उभे असू की एक जण फोटोत असेल, तेही त्यालाच माहीत. जरा कडू बोलले, पण बोलायला हवं.

घरोघरी दही लावतात. कसं लावायचं ते तुम्हाला सांगायला नको. कोमट दुधात विरजण घातलं, ढवळलं, झाकलं आणि बाजूला ठेवलं. मग त्याला रात्रभर कुणी हात लावत नाही. आपण भावंडांच्या भेटीत काय करतो? विरजण घालतो आणि लगेच झाकण काढून भांडं हलवून बघतो, लागलं का, लागलं का? ते कसलं लागतंय! आणि थंडीच्या दिवसांत तर दह्याला आणखी वेळ लागतो. आमच्याकडे भांडं गोधडीत गुंडाळून ठेवायचे. आपलं वय म्हणजे थंडीचेच दिवस. बोलणं उशिरा सुटतं. पहिला दिवस गोळ्या, पथ्यं आणि गुडघे यांतच जातो. दुसरा दिवस कोण कोण गेलं याच्या उजळणीत. त्याच्या पुढे कुठे खरं बोलणं सुरू होतं. दोन तासांच्या भेटीत ते व्हायचं कसं?

तुम्ही म्हणाल, आमचं रोज फोनवर बोलणं होतं. होऊ दे की. फोन म्हणजे विरजणाचा चमचा. तो हवाच. पण नुसता चमचा कुणी पानात वाढत नाही.

आता माझंच सांगते. माझा दादा माण तालुक्यात राहतो, दहिवडीच्या पुढे. आई-वडील गेल्यावर माझं माहेर म्हणजे तोच. मागच्या सुगीनंतर मी त्याच्याकडे राहिले. करायला काही नव्हतं. सकाळी वहिनीबरोबर मटकी निवडायची, दुपारी पडायचं, संध्याकाळी दारातल्या बाजेवर बसून बियाण्यासाठी शेंगा फोडायच्या. शेंगा फोडणं हे फार गुणाचं काम आहे. हात गुंतलेले, डोळे खाली, समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, आणि गप्प बसलं तरी वाईट वाटत नाही. असेच बसलो असताना बहात्तरच्या दुष्काळाचा विषय निघाला. ज्यांनी ती साल काढली त्यांना मिलो आठवत असेल, ती बाहेरच्या देशातनं आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी घशाखाली उतरत नसे. घरात शाळूचं पीठ थोडंच असायचं, त्याच्या दोन-तीन भाकरी व्हायच्या, बाकी सगळ्या मिलोच्या. आणि दादा कायम तांबडी भाकरी आपल्या पुढ्यात ओढायचा, म्हणायचा, मला हीच आवडते. मी आयुष्यभर तसंच समजत आले. मुलांनाही सांगितलं, तुमच्या मामाला मिलो आवडायचा.

शेंग फोडता फोडता दादा म्हणाला, "चिंगे, मिलो मला कवाच आवडत न्हवता गं."

एवढंच. पुढे तो बियाण्याच्या भावावर गेला. मला सांगा, हे फोनवर कोण बोलतं? कार्यालयात जिलबी खाताना कोण बोलतं?

आणि दुसरी गोष्ट. सत्तरी उलटलेल्या, मास्तरीण म्हणून निवृत्त झालेल्या बाईला चिंगे म्हणणारं माणूस जगात आता एकच उरलंय. मुलांनी आपल्याला पाहिलं ते आई म्हणून, सुनांनी सासूबाई म्हणून, विद्यार्थ्यांनी बाई म्हणून. परकर नेसून विहिरीवर पळणारी मी फक्त दादाने पाहिली आहे. तुम्हालाही असं कुणीतरी असेल. नसेल तर चुलतभाऊ, मावसबहीण, कुणीही चालेल, फक्त तुम्ही लहान असताना जे तुमच्याशी भांडलं ते माणूस हवं.

आता एक अवघड गोष्ट. भांडणं. वाटणी, बांध, सातबारा, हक्कसोडीची सही. पुष्कळ घरांत भावंडांचं बोलणं यावरून थांबलंय, हे मला ठाऊक आहे. २००५ च्या कायद्याने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क मिळाला. ते योग्यच झालं, आणि बहिणीने हक्क मागितला म्हणून भाऊबीज बंद करणाऱ्या भावांना मी इथून चार शब्द ऐकवले असते, पण त्याला दुसरं भाषण लागेल. आज एवढंच म्हणते की दावा कोर्टात आहे तर तो कोर्टात राहू दे, तारखा पडतील तशा पडू देत. तुम्ही मधल्या काळात राहायला जाऊन या. जेवताना सर्व्हे नंबर काढायचा नाही, एवढं पथ्य पाळा. दूध मुद्दाम नासवणारा लिंबू पिळतो, तसं असतं ते.

आई-वडिलांचं कोणी बघायचं, याला २००७ सालचा कायदा आहे. त्यात मुलगा, मुलगी, नातू, नात सगळे बांधलेले आहेत. भावाने बहिणीला चार दिवस ठेवून घ्यावं, तिच्याबरोबर शेंगा फोडाव्यात, असं मात्र कुठलं सरकार सांगणार? ते आपलं आपल्यालाच करावं लागतं, म्हणून तर ते राहून जातं.

समोरच्या काचेतून मला हाताने खूण झाली आहे, म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ गेला. पण मघाशी सांगितलं ते परत सांगते, कुणी आत्ताच रेडिओ लावला असेल. भावाकडे, बहिणीकडे राहायला जा. कार्य नसताना जा. चार दिवस, रात्रीसकट.

प्रवासाचं भय वाटत असेल तर ऐका. आपल्या एसटीत पासष्ट ते पंचाहत्तर वयाला निम्मं तिकीट आहे. पंचाहत्तरच्या पुढे राज्याच्या हद्दीत तिकीटच नाही, ऑगस्ट २०२२ पासून. बायकांना मार्च २०२३ पासून कुठल्याही वयात निम्मं. आधार कार्ड जवळ ठेवा, कंडक्टर मागतो. ही सवलत आपण वापरतो कशाला? देवदर्शनाला. पंढरपूर करा, तुळजापूर करा, माझं काही म्हणणं नाही. पण त्याच गाडीच्या वाटेवर थोरली बहीण राहते आणि आपण खिडकीतून तिचं गाव बघत पुढे जातो, हे विठोबाला तरी आवडेल का? आणि साध्या गाडीने जा. दादाकडची गाडी कोरेगाव, पुसेगाव, मधले सगळे फाटे घेत जाते, लागू दे वेळ. आपल्याला कुठे हजेरीपटावर सही करायची आहे?

मुलांना आणि सुनांना दोन शब्द. पूर्वी सासुरवाशिणीला न्यायला माहेरचा मुराळी यायचा. आता म्हाताऱ्या आत्याला न्यायला भाच्याने मुराळी व्हावं, आजीला नातवाने पोचवावं. पोचवा आणि परत जा. तिथे बसून घड्याळ बघू नका. "कधी आणायला येऊ?" असं दुसऱ्याच दिवशी फोन करून विचारू नका. तुम्हाला ती काळजी वाटते, आम्हाला ती हजेरी वाटते. आणि आजी तिकडे चहात साखर घालून पीत असेल. पिऊ दे.

ज्यांच्याकडे आपण जातो त्या घरच्या सुनेचा विचार मात्र आपण करायला हवा. हे मी ठासून सांगते, कारण आपली चैन होते आणि ओझं तिच्यावर पडतं. वाटाणे सोला, मेथी निवडा, लसूण सोला. ताक आंबट आहे, आमच्याकडे असं करत नाहीत, हे तोंडातून काढू नका. मिठाईचे पुडे नेऊ नका, घरात दोघं मधुमेही असतात. तिच्या मुलांना संध्याकाळी सांभाळा म्हणजे तिलाही तासभर बाहेर जाता येईल. चार दिवस म्हटलं की चारच, पाचव्या दिवशी पिशवी भरायची, कितीही आग्रह झाला तरी. पुन्हा जायचंय ना आपल्याला?

ज्यांचं कुणीच उरलं नाही त्यांच्यासाठी मला बोलायचं होतं, मैत्रिणींनी एकमेकींकडे पाळीपाळीने राहावं अशी एक कल्पना माझ्या मनात आहे, पण आता दोन बोटं दाखवताहेत, म्हणजे दोन मिनिटं असावीत किंवा दोन वाक्यं.

तेव्हा आजच संध्याकाळी फोन करा. "ये ना कधीतरी," असं म्हणू नका, आणि तिकडून तसं आलं तर ऐकून घेऊ नका. वार सांगा. सोमवारी स्टँडवर गर्दी असते, मंगळवारी निघा. गोळ्या दोन दिवस जास्तीच्या घ्या, कवळीची डबी विसरू नका, आणि रात्री लागणारी शाल पिशवीत सगळ्यात वर ठेवा.