डोक्यातला रक्तस्राव आणि दंडावरचा पट्टा



मागच्या रांगेत जाऊन बसलेल्या आशाताईंना विनंती, पुढे या. आज जे बोलणार आहे त्यातलं निम्म्याहून जास्त काम तुमच्याच हातात आहे. विषय आहे मेंदूतला रक्तस्राव. आपल्या घाटंजीच्या बाजारात त्याला कुणी ‘हॅमरेज’ म्हणतं, कुणी नुसताच ‘लकवा’.

लकवा हे शहरातल्या बसून खाणाऱ्यांचं दुखणं, आपला शेतकरी राबणारा, त्याला कुठला बीपी, असं आपल्यातले काही अजूनही मानतात. त्यांनी गडचिरोलीकडे पाहावं. ‘सर्च’ संस्थेत काम करताना मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ गावांतले मृत्यू तपासले. २०११ ते २०१३ या काळात १,५९९ माणसं गेली, त्यातली २२९ पक्षाघाताने. एवढे मृत्यू दुसऱ्या कुठल्याच एका कारणाने झाले नव्हते. पक्षाघाताने गेलेल्यांपैकी दर शंभरातले ८७ घरीच गेले, आणि जवळजवळ निम्मे पहिल्या महिन्यातच. गडचिरोलीत धान पिकतं, आपल्याकडे कापूस. तंबाखू-सुपारीचा खर्रा मात्र दोन्हीकडे सारखाच घोटला जातो.

घरी गेलेल्या माणसाचा सीटी स्कॅन होत नाही. त्यामुळे पक्षाघात किती जणांना गुठळीने झाला आणि किती जणांना रक्तस्रावाने, हे अशा पाहणीत उमगत नाही. त्यासाठी मुंबईचा आधार घ्यावा लागतो. डॉ. पी. एम. दलाल यांच्या पथकाने २००५-०६ मध्ये पहिल्यांदाच पक्षाघाताचा झटका आलेल्या ४५६ रुग्णांची नोंद केली. त्यात रक्तस्रावाचे ८१ निघाले, म्हणजे शंभरात अठरा. जगभराचा २०२१ चा हिशेब धरला तर मेंदूच्या आत रक्तस्राव होणारे शंभरात एकोणतीसच्या आसपास येतात. संख्येने हे कमी, पण मारण्यात पुढे: महिन्याच्या आत शंभरातले चाळीस दगावतात.

कारण काय, ते आपण सगळे शिकलोय, तरी एकदा उजळणी करू. मेंदूच्या खोल भागात जाणाऱ्या बारीक धमन्या मोठ्या धमनीतूनच थेट निघतात. ठिबकची नळी मधल्या व्हॉल्व्हशिवाय पंपाच्या पाइपालाच जोडली तर जो दाब तिला सोसावा लागेल, तोच दाब या धमन्या वर्षानुवर्षं सोसतात. त्यांच्या भिंती झिजतात आणि एखाद्या पहाटे फुटतात. म्हणून वाढलेला रक्तदाब हे पहिलं कारण. बाकीची त्याच्या बरीच मागे. थंडीत दाब चढतो, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे रुग्ण जास्त दिसतात. नेमके तेच दिवस कापूस वेचणीचे. ‘वेचणी झाली का येतो डॉक्टरसाहेब’ असं सांगून गेलेला माणूस गोळ्यांविना दोन महिने काढतो.

आता काळाबरोबर रक्तस्रावाचं प्रमाण कसं बदलतं ते पाहू, कारण आपल्या कामाचं उत्तर तिथेच आहे. जपानमध्ये १९५१ पासून तीस वर्षं मृत्यूचं पहिलं कारण पक्षाघात होतं आणि त्यात रक्तस्रावाचा वाटा मोठा होता. उत्तरेकडच्या अकितामध्ये लोक हिवाळाभर खारवलेल्या भाज्यांवर राहत. दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आसपास मीठ पोटात जाई. जागतिक आरोग्य संघटना आज पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते. अकितातल्याच इकावा नावाच्या शेतकरी गावात १९६३ पासून रक्तदाब मोजायला सुरुवात झाली, मीठ कमी करायला शिकवलं, औषधं दिली. पुढच्या दोन-तीन दशकांत देशभर रक्तस्राव झपाट्याने उतरला. यात कुठली मोठी शस्त्रक्रिया नव्हती. रक्तदाबाचा पट्टा, गोळी आणि मिठाची बरणी, एवढंच.

दुसरं उदाहरण ऑक्सफर्डचं. तिथे १९८० च्या दशकातली आणि २००२ नंतरची नोंद शेजारी ठेवली, तेव्हा पंचाहत्तरीच्या आतल्यांमध्ये रक्तस्राव निम्म्याच्या जवळ आलेला दिसला. पंचाहत्तरीच्या पुढे मात्र तो हटला नाही. रक्तदाबाने होणारा कमी झाला, पण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांमधला वाढला. उतारवयात मेंदूच्या वाहिन्यांत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं, त्याचीही भर असते. म्हणजे एक जोखीम आटोक्यात आणली तर दुसरी डोकं वर काढते.

आपल्या तालुक्यात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू आहेत, आणि मला खरी काळजी त्याचीच आहे. नागपूरहून स्टेंट बसवून आलेला माणूस दोन-दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या निष्ठेने घेतो. जुनी चिठ्ठी दाखवून त्या दुकानातून मिळत राहतात. एक कधी थांबवायची, हे कुणी विचारत नाही. बीपीची गोळी तेवढी त्याने सोडलेली असते. विचारलं तर सरळ सांगतो, ‘बरं वाटते त मंग गोळी कायले खाऊ?’ त्याच्या प्रश्नात खोट नाही. रक्तदाब दुखत नाही, हे त्याला आपण समजावलेलंच नसतं.

इथल्या मातीतल्या आणखी दोन जोखमी पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकलेल्या असतात. एक घोणस. घोणस चावल्यावर रक्त गोठेनासं होतं. काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवा. गोठलं नाही आणि रुग्णाचं डोकं दुखतंय, उलटी होतेय, तर नुसत्या सुजलेल्या पायाकडे पाहत बसू नका. दुसरी सिकलसेल. विदर्भात हा आजार घरोघरी ठाऊक आहे. त्यात लहानपणी गुठळीचा झटका जास्त येतो, पण विशी-तिशीत रक्तस्रावाचा धोका वाढतो. तरुण आहे म्हणून अचानक उठलेली तीव्र डोकेदुखी सोडून देऊ नये. दारूबद्दल जास्त बोलत नाही. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या बाया दारूबंदीसाठी रस्त्यावर उतरल्या आहेत. त्यांना हे आपल्याहून चांगलं कळतं.

आता पट्ट्याकडे येतो. आपल्या दवाखान्यातलं चित्र आठवा. माणूस स्टँडवरून तरातरा चालत आलेला, गालात खर्रा, बसायला पाठ नसलेलं स्टूल, पट्टा फुलशर्टच्या बाहीवरूनच गुंडाळलेला, हात खाली लोंबतोय, आणि मोजताना आपण त्याच्याशी कापसाच्या भावाबद्दल बोलतोय. त्या आकड्याला काय अर्थ? पाच मिनिटं बसवा, खर्रा थुंकायला लावा, हात छातीच्या पातळीवर टेबलावर ठेवा, बाही वर करा, गप्प राहा, दोनदा मोजा. शून्याने संपणारा आकडा लिहायची सवय सोडा. शेजारच्या वर्ध्यात भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम पहिल्या टप्प्यातच आला. त्याचा गाभा याहून वेगळा नाही: नीट मोजणं, ठरलेल्या पायऱ्यांनी ठरलेली औषधं, गोळ्यांचा खंड न पडू देणारा पुरवठा आणि न आलेल्या रुग्णाला शोधून आणणं. हे शेवटचं काम आशाताईच करू शकतात.

आणि झटका आलाच तर? सीटी होईपर्यंत गुठळी की रक्तस्राव हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. म्हणून ‘लकवा आहे’ म्हणत अॅस्पिरिन देऊ नका. जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडू नका. त्याने दाब कसाही कोसळतो. कबुतराचं रक्त चोळण्यात तास घालवणाऱ्या नातेवाइकांवर ओरडू नका, १०८ बोलवा. यवतमाळ सुमारे चाळीस किलोमीटर आहे आणि तिथे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. भारतासह दहा देशांत झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरॅक्ट-३’ अभ्यासाने दाखवलं, की वरचा रक्तदाब तासाभरात १४० च्या खाली आणणं, साखर आणि ताप आटोक्यात ठेवणं, रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम उलटवणं हे सगळं एकत्र केलं तर रुग्ण अधिक चांगले सुधारतात. रक्तस्रावाला इलाज नाही, हे वाक्य आता निवृत्त करा.

माझी मागणी एवढीच आहे. आजपासून प्रत्येकाने एक साधी वही घाला. तिशीपुढचा कुणीही, ताप-खोकल्यासाठी आला असला तरी, त्याचा रक्तदाब त्यात लिहा. आणि तुमच्या गावात झटका आलेल्या प्रत्येकाचं वय, महिना, सीटीत काय निघालं, गोळी चालू होती की सुटली होती, तेही लिहा. पुढच्या परिषदेला येताना भाषण आणू नका, ती वही आणा.