चार्ज देताना, चार्ज घेताना

(केदारखेडा, ता. भोकरदन, जि. जालना येथील सत्कार मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही वक्ते नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत कारकुनी करणारा माणूस व्हाउचर लिहितो, भाषणे लिहीत नाही. परंतु संयोजकांनी आग्रह धरला, आणि आजचा प्रसंगही असा आहे की गप्प बसवत नाही. एका बाजूला आयुष्याची उमेदीची वर्षे बँकेच्या काऊंटरमागे काढून सेवानिवृत्त झालेले आपले ज्येष्ठ बंधू बसले आहेत. दुसऱ्या बाजूला नुकतीच पदवीधर झालेली, स्पर्धा परीक्षा देऊन बँकेत लागलेली आपली धाकटी भगिनी बसली आहे. दोघांच्या शाखा वेगळ्या असतील, पण काम एकच आहे. एक जण चार्ज देऊन आला आणि दुसरी चार्ज घ्यायला निघाली. या देण्याघेण्याविषयीच आम्हाला थोडे बोलायचे आहे.

आज आपला माणूस बँकेच्या काऊंटरच्या आत बसलेला दिसतो, याचे तरुणांना विशेष वाटत नाही. वाटू नये, हेही चांगलेच. पण हे फार जुने नाही. १९ जुलै १९६९ रोजी देशातील १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९८० साली आणखी ६ बँकांचे झाले. १९६९ साली सगळ्या देशात व्यापारी बँकांच्या शाखा जेमतेम आठ हजारांच्या वर होत्या आणि त्यांतील फार थोड्या खेड्यात होत्या. पुढच्या वीस वर्षांत हा आकडा साठ हजारांच्या घरात गेला. शाखा वाढल्या तशी माणसे लागली. सत्तरच्या दशकात सार्वजनिक बँकांच्या भरतीत राखीव जागा लागू झाल्या. इकडे बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला सुरू केलेल्या महाविद्यालयातून, म्हणजे आपल्या मिलिंदमधून, मराठवाड्यातली पोरे शिकून बाहेर पडतच होती. ज्यांच्या बापाने बँकेची पायरी कधी चढली नव्हती, ती पोरे पितळी टोकन घेण्याऐवजी देण्याच्या बाजूला जाऊन बसली.

आम्ही २००९ साली नोकरीत लागलो आणि ज्यांच्या जागेवर बसलो ते याच पिढीतले. शाखेत सगळे त्यांना दादा म्हणत, आम्हीही दादाच म्हणू लागलो. ते १९७४ साली लागलेले. त्यांच्या निवृत्तीला एक महिना उरला होता आणि तेवढ्या महिन्यात त्यांच्याकडून काम शिकून घ्या, असा आम्हाला आदेश होता.

पहिल्याच आठवड्यात एकदा डबा खाताना दादांनी त्यांची हकिकत सांगितली. ते म्हणाले, "मी लागलो तेव्हा मला चार्ज कुणी दिलाच नाही. लेजर समोर टाकले आणि म्हणाले, लिही. विचारायचे तर कुणाला, हीच पहिली अडचण. विचारले की म्हणायचे, बघा, कोट्यातले आहेत, येत नाही. न विचारता चुकलो तरी तेच म्हणायचे. मग मी बेरीज तीनदा करायचो. संध्याकाळी बॅलन्सिंगला सगळ्यांचा फरक निघायचा, माझ्या लेजरचा निघाला नाही पाहिजे, एवढेच डोक्यात."

बंधू-भगिनींनो, हे ऐकताना आम्हाला बडोद्याची आठवण झाली. कोलंबिया विद्यापीठाची पदवी घेऊन बाबासाहेब १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत गेले. कचेरीतले शिपाई फायली दुरून टाकीत, असे त्यांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवून ठेवले आहे. राहायला जागा मिळेना म्हणून पारशी धर्मशाळेत उतरले, तेथूनही काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. एवढा मोठा विद्वान, नुकताच नोकरीला लागलेला, आणि 'बसा, हे काम असे असते' म्हणणारा एक माणूस त्या शहरात निघाला नाही. चार्ज देणे ही केवळ कचेरीची रीत नव्हे. समोरच्याला आपल्या बरोबरीचा माणूस मानल्याची ती खूण आहे.

दादांनी ठरवले होते की आपल्या वाट्याला आले ते मागून येणाऱ्याच्या वाट्याला येऊ द्यायचे नाही. त्यांनी आमच्यासाठी एक दोनशे पानी वही लिहून काढली होती. बँकेचे नियम छापील पुस्तकात होतेच. या वहीत छापील पुस्तकात नसलेल्या गोष्टी होत्या. कोणत्या गावचा बाजार कोणत्या वारी आणि त्या दिवशी सुट्टे पैसे किती लागतात. पीक कर्जाच्या वेळी कोणाच्या सातबाऱ्यावर भावांची नावे आहेत आणि तिथे वाद आहे. एकाच नावाचे तीन खातेदार, तर त्यांत कोण कोणाचा.

आणि आम्ही काय केले? ती वही टेबलाच्या खणात टाकली. त्याच सुमारास शाखेत कोअर बँकिंग आले होते. आम्ही पदवीधर, संगणकाचा कोर्स केलेले. दादा खाते क्रमांकाऐवजी अजून लेजरचे पान सांगत, तेव्हा आम्हाला मनातल्या मनात हसू येई. महिना संपला. शाल, श्रीफळ झाले, दादा घरी गेले. खुर्ची आमची झाली.

दोन वर्षांनी नोव्हेंबर महिना आला. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना, काऊंटरवर रीघ लागलेली. एक म्हातारी आजी आली. नवऱ्यामागे तिला कुटुंब निवृत्तिवेतन होते. अंगठा घेतला, तर संगणकातल्या नमुन्याशी जुळेना. आम्ही म्हणालो, "आजी, अंगठा जुळत नाही. घरचे कुणी असेल त्याला घेऊन या." दुसऱ्यांदा एकटीच आली, घरी कुणी नव्हतेच. आम्ही पुन्हा परत पाठवले. तिसऱ्यांदा आली. रांग मोठी होती, आमचा आवाज थोडा चढला. आजी भांडली नाही. एवढेच म्हणाली, "बाबा, तुझ्या आधीचे दादा मला वळखत व्हते रे." आणि काठी टेकत निघून गेली.

त्या संध्याकाळी कॅश बंद झाल्यावर आम्ही खण उघडला. वहीत आजीचे नाव होते. पुढे दादांच्या वळणदार अक्षरात लिहिले होते की, हिचा उजवा अंगठा विळ्याने कापलेला आहे, ठसा उठत नाही, डावा घ्यावा, तसा साहेबांचा शेरा जुन्या कार्डावर आहे. त्याखाली नियमही लिहिला होता. म्हातारा, आजारी, अपंग खातेदार असेल तर अंगठ्याचा ठसा किंवा तोही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. मात्र बँकेच्या ओळखीचे दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. म्हणजे नियम आजीच्या बाजूने होता. घरचे माणूस आणायची गरजच नव्हती. जुनी कार्डे संगणकात चढवताना तो शेरा मागे राहून गेला होता, आणि तो ज्या वहीत होता ती आम्ही उघडली नव्हती. तीन हेलपाटे त्या आजीने आमच्या पदवीच्या घमेंडीपायी घातले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या गावच्या माणसाकडे निरोप धाडला. आजी चौथ्यांदा आली. साहेबांना आणि आणखी एका ओळखीच्या खातेदाराला साक्षीला घेऊन दहा मिनिटांत काम झाले. आम्ही माफी मागितली, तर ती विचारते काय, "दादा बरे हायेत ना?"

रात्री आम्ही दादांना फोन केला आणि सगळे सांगितले. थोडा वेळ ते बोललेच नाहीत. मग म्हणाले, "वही उघडायला तुला दोन वर्षे लागली. मला तर उघडायला वहीच नव्हती." हे वाक्य आजही आमचा पिच्छा सोडत नाही.

महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनी आनंदाला सांगितल्याचे आले आहे की, धम्म शिकवताना आपण आचार्याची मूठ झाकून ठेवली नाही. आपल्या ज्येष्ठ सत्कारमूर्तींना आमची हीच विनंती आहे. तुमची मूठ उघडा. एवढ्या वर्षांत तुम्ही जे शिकलात ते लिहून काढा. आपल्या भोकरदनचे प्राचीन नाव भोगवर्धन. इथल्या लोकांनी सांचीच्या स्तूपासाठी दान दिले, त्याच्या नोंदी तिथल्या दगडावर दोन हजार वर्षांनंतरही वाचता येतात. लिहिले म्हणून राहिले. नाहीतर कोण कुठले दाते, कुणाला कळले असते?

आणि ताई, तुला सांगायचे ते असे. वडीलधाऱ्यांचे सगळेच उचलायचे असे नाही. आमच्या दादांची एक सवय होती. अडलेल्या खातेदारांची पासबुके आणि आधीच सही-अंगठा केलेल्या कोऱ्या पैसे काढण्याच्या स्लिपा ते खणात ठेवून घेत, लोकांचा खेप वाचावी म्हणून. त्यांचा हेतू चोख होता, एका पैशाचा डाग त्यांना लागला नाही. पण पद्धत धोक्याची होती. त्यांच्यानंतरच्या माणसाचा हेतू तसाच असेल याची हमी कोण देणार? आम्ही ती पासबुके ज्याची त्याला परत केली. तेव्हा चांगले कोणते आणि मोडायचे कोणते, हे निवड. पण निवडण्यासाठी आधी वही उघडावी लागते.

तुझा काळ आमच्यापेक्षा वेगळा आहे. २०१४ साली जनधन खाती निघाली, २०१६ साली नोटाबंदीच्या रांगा आम्ही काऊंटरवरून पाहिल्या, पुढे आधारचे यंत्र आले. हयातीचा दाखला आता घरबसल्या चेहरा दाखवूनही देता येतो. पण कापूस वेचून आणि खुरपून झिजलेली बोटे यंत्राला अजूनही ओळखता येत नाहीत. यंत्र 'जुळत नाही' म्हणेल तेव्हा समोरचा माणूस खोटा आहे असे समजू नकोस. तिथे नियम शोध, साहेबांना उठव, दोन साक्षीदार गाठ. तुझी पदवी तिथे कामाला येऊ दे. आणि एक व्यवहाराची गोष्ट. १ एप्रिल २०१० पासून रुजू झालेल्या बँक कर्मचाऱ्यांना जुनी पेन्शन नाही, म्हणून पहिल्या पगारापासून थोडे बाजूला टाकत जा.

शेवटी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना एक सूचना करतो. आपल्यात शिक्षक आहेत, ग्रामसेवक, एस.टी.चे कंडक्टर, आरोग्यसेविका आहेत. जो कुणी निवृत्त होईल त्याच्या सत्काराला शाल द्याच, पण सोबत एक कोरी दोनशे पानी वहीही द्या. सहा महिन्यांनी ती भरून विहारातल्या वाचनालयात जमा करावी. नोकरीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींनी ती तिथे येऊन वाचावी. याला फार खर्च नाही. पहिली वही आम्ही आज घेऊन आलो आहोत, ती दादांची आहे. कोपरे दुमडले आहेत, शाई फिकी झाली आहे, पण वाचता येते. खातेदारांच्या खासगी नोंदींची पाने आम्ही काढून बँकेत ठेवली आहेत. बाकीची वही या आमच्या भगिनीच्या हाती देतो.

ताई, ही खणात टाकू नकोस.