हक्क, संघर्ष आणि संयम



ठाणे, डोंबिवली वा कल्याणहून सुटणाऱ्या लोकलमध्ये चौथ्या सीटवरून हातघाईचे प्रसंग उद्भवतात. तेथील हक्क तासाभराचा. तो सोडल्याने माणूस लहान होत नाही. परंतु प्रत्येकच हक्क असा सोडण्याजोगा असतो काय?

रायगड जिल्ह्यातील महाडचे चवदार तळे आठवावे. मुंबई विधिमंडळाच्या १९२३ च्या ठरावानंतर महाड नगरपालिकेने ते अस्पृश्यांना खुले केले. परंतु सवर्णांच्या विरोधामुळे त्यांना पाणी मिळत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सहकाऱ्यांसह ते पाणी प्राशन केले. त्यानंतर परिषदेच्या प्रतिनिधींवर लाठ्यांनी हल्ला झाला. बाबासाहेबांनी अनुयायांना प्रतिहल्ल्यापासून परावृत्त केले. हक्क मात्र सोडला नाही. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला.

जैन आचारशास्त्रात हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी व विरोधी असे चार प्रकार सांगितले आहेत. संकल्पी हिंसा गृहस्थाला सर्वथा वर्ज्य आहे. आत्मरक्षणार्थ घडणारी विरोधी हिंसा त्याला अपरिहार्य ठरू शकते. भारतीय न्याय संहिताही स्वसंरक्षणासाठी आवश्यक तेवढ्याच बळाची मुभा देते.

तात्पर्य, सोयीसाठी हात उगारू नये. प्राण, शील व मानवी प्रतिष्ठा यांवर घाला येईल तेव्हा मात्र प्रसंगी मार सोसण्याची तयारी ठेवून ठाम उभे राहावे. भयाने मौन धरण्यास अहिंसा हे पवित्र नाव देऊ नये.

जय जिनेंद्र!